अब्बा इब्रामपूरचे

स्टाफरूममध्ये मी डबा उघडला की कुणीतरी म्हणतंच, "टीचर, तुमच्या त्या सिनेमातलं काहीतरी सांगा की." माझी भाजी तशीच राहते आणि घंटा होते. सिनेमाचं बरं असतं, तो बनवणारे कापून कापून लहान करतात. किस्स्यांचं उलटं. सांगाल तेवढे वाढत जातात, आणि एक संपायच्या आत दुसरा येऊन रांगेत उभा राहतो. आमच्या सिनेमाचं नाव आजवर इतक्यांदा बदललंय की मी ते सांगायच्या भानगडीत पडत नाही. किस्से मात्र जसे घडले तसेच आहेत. थोडीफार फोडणी घातली असेन, पण भाजी तीच.

मी डिचोलीच्या एका हायस्कुलात मराठी शिकवते आणि आमच्या नाट्यमंडळाची प्रॉम्प्टर आहे. जत्रेच्या नाटकांत विंगेत उभी राहून मी नटांना वाक्यं पुरवते. तालुक्यातल्या निम्म्या लोकांना माझा आवाज ठाऊक आहे, चेहरा ठाऊक नाही. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तर एका सकाळी भोपाळचा एक मुलगा आमच्या मंडळाच्या हॉलवर आला. फराज त्याचं नाव. पहिलाच सिनेमा, तोही हिंदी, तोही मित्रांच्या जिवावर. गोष्ट एका मुसलमान घराची. अब्बा खनिजाचा ट्रक चालवायचे, खाण बंद पडल्यापासून घरीच बसलेत, आणि मुलीला दूर शहरात नोकरी लागली आहे. अब्बा तिला हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. बस, एवढीच गोष्ट. गोवा म्हटल्यावर सगळे समुद्राकडे पळतात. हा डिचोलीत आला, म्हणून मला तो पहिल्याच दिवशी आवडला.

*

फराजला अब्बा सापडले ते पेडण्याच्या एका जत्रेत. आमचे सदूभाऊ तिथे राजा झाले होते. सदूभाऊ इब्रामपूरचे. तरुणपणापासून जत्रेत राजे करतात, आणि जत्रा नसेल तेव्हा सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवायचे. खाण बंद झाली, ट्रक गेला, राजा तेवढा राहिला.

फराज नाटक संपल्यावर रंगपटात शिरला आणि म्हणाला, "सर, मुझे यही चेहरा चाहिए।"

सदूभाऊंनी मुकुट काढत विचारलं, "कौन सा राजा करने का है?"

"राजा नहीं है, सर। एक ट्रक ड्राइवर है।"

सदूभाऊ माझ्याकडे वळले. "टीचर, तेका सांगा, ट्रक ड्रायव्हर मी आसंयच. तेका अ‍ॅक्टिंग कित्याक व्हयी?"

मी ते भाषांतर करून सांगितलं. फराज आनंदाने जवळजवळ नाचलाच, म्हणाला, हेच तर मला हवंय, अ‍ॅक्टिंग नकोच. सदूभाऊंना ते मुळीच पटलं नाही. घरी जाताना ते मला हळूच म्हणाले की ठीक आहे, ट्रक ड्रायव्हर तर ट्रक ड्रायव्हर, पण विग तरी मिळेल ना?

*

पहिलं वाचन आमच्या हॉलमध्ये झालं. आता सदूभाऊंच्या आवाजाबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्या आवाजाचंच आहे. जत्रेत माइक बंद पडला तर बाकीच्या नटांची तारांबळ उडते. सदूभाऊंच्या प्रवेशात माइक बंद पडला होता हे प्रेक्षकांना दुसऱ्या दिवशी कळतं.

त्यांचं पहिलंच वाक्य होतं, "बेटी, ज़रा पानी देना।" सदूभाऊंनी छाती भरून श्वास घेतला आणि ते वाक्य म्हटलं. साउंड बघणाऱ्या मुलाने कानावरचा हेडफोन झटकन काढला. जरा वेळाने दार वाजलं. शेजारचा सायकल दुरुस्तीवाला पाण्याची बाटली घेऊन उभा होता.

फराजने फार अदबीने समजावलं की कॅमेरा अगदी जवळ असतो, एवढ्या मोठ्याने बोलायची गरज नसते.

"कॅमेरो जवळ आसा ता माका दिसता," सदूभाऊ म्हणाले. "पण लोक खंय आसत?"

"लोग तो बाद में आएँगे, सर। थिएटर में।"

"मगे तेंका ऐकाक नको?"

पुढे दोन दिवस असंच चाललं. शेवटी फराजने मला बाजूला घेऊन सांगितलं की चेहरा सदूभाऊंचाच ठेवणार, आवाज मात्र मुंबईत दुसऱ्या कुणाकडून डब करून घेणार. हे सदूभाऊंना मी सांगायचं होतं. अशी कामं प्रॉम्प्टरकडेच येतात.

सदूभाऊ हॉलच्या पायरीवर बसले होते. ऐकून त्यांनी हातातलं बाड मिटलं. मग म्हणाले, "टीचर, माजो आवाज नाय, तर मी खंय आसंय तेत?"

मला फार वाईट वाटलं. मी तशीच आत गेले आणि माझ्या वर्गातल्या आवाजात फराजला सुनावलं. बिचारा घाबरला. शेवटी तडजोड अशी झाली, की सदूभाऊंनी आवाज खाली आणला, घरात बोलतात तसे बोलले, तर त्यांचाच आवाज ठेवायचा. नाहीतर डबिंग. तेव्हापासून सिनेमा पुरा होईपर्यंत आमच्या सगळ्यांचं लक्ष गोष्टीवर कमी आणि सदूभाऊंच्या घशावर जास्त होतं.

मी लगेच त्यांच्या बायकोला, सुलभावहिनींना फोन लावला. म्हटलं, भाऊ घरात कसे बोलतात ते जरा सांगा.

वहिनी म्हणाल्या, "घरात? घरात हे बोलतत खंय?"

*

शूटिंगसाठी घर मिळालं ते हनीफभाईंचं. हनीफभाई आणि सदूभाऊ जुने दोस्त, सुर्ल्याच्या रस्त्यावर वर्षानुवर्षं एकामागोमाग एक ट्रक चालवलेले. दोघांच्या तोंडात इतकी लाल धूळ गेली आहे की त्यांची मैत्री तिनेच लिंपली असावी. घरात हनीफभाईंची आई, जिला आम्ही सगळे आपा म्हणतो. डोळ्यांना कमी दिसतं. कान मात्र पोस्टमनच्या सायकलीचा आवाज वळणावरून ओळखतील असे.

मुहूर्ताला फराजला फक्त नारळ फोडायचा होता. पण आमच्याकडे गाऱ्हाणं घातल्याशिवाय कशालाच हात लावत नाहीत, मग ते नाटक असो, विहीर असो, नाहीतर नवी स्कूटर. वडीलधाऱ्या माणसाने देवांना हाका मारून मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ही रीत. ते काम अर्थातच सदूभाऊंकडे आलं. हनीफभाईंच्या अंगणात उभे राहून त्यांनी सुरुवात केली.

ग्रामदेवता झाल्या, राखणदार झाला, वाटेवरचा पीर झाला, इब्रामपूरपासून डिचोलीपर्यंतचा एकही देव त्यांनी उपाशी ठेवला नाही. "ह्या पोरान भोपाळसून येवन जो खटाटोप मांडलो आसा, तो सुफळ कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"जो कोण आडमेळो घालीत, तेका वाटेक लाव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मुंबईहून आलेल्या युनिटला यात भलतीच मजा वाटायला लागली. मेकअपवाला, लाइटवाले, सगळे म्हणू लागले. सगळ्यांत मोठा आवाज फराजचा. मग सदूभाऊंनी डोळे मिटले आणि त्याच सुरात पुढचं मागणं घातलं, "आणि ह्या सिनेमात माजो आवाज रवाने, तेका कोणाची कात्री लागा नये, असा कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," फराज दोन्ही हात जोडून म्हणाला.

संध्याकाळी त्याने मला त्याचा अर्थ विचारला. मी सांगितला. त्या दिवशी तो जेवला नाही, असं हनीफभाई म्हणतात. मला वाटतं त्याचं पोट बिघडलं असेल.

*

शूटिंगच्या आधी आपा आठवडाभर लेकीकडे गेल्या होत्या. तेवढ्यात आर्ट डिरेक्टर नावाच्या एका दाढीवाल्या मुलाने घर ताब्यात घेतलं. त्याने भिंती हिरव्या रंगवल्या. खिडकीला जाळी आली, छताला झुंबर आलं, कोपऱ्यात एक हुक्काही आला. भिंतीवरचं सोसायटीचं मराठी कॅलेंडर गेलं, हनीफभाईंचा ट्रकसोबतचा फोटो गेला.

आपा रिक्षातून उतरल्या, आत आल्या आणि थबकल्या. दिसत कमी असलं तरी हिरवं दिसत होतं. त्यांनी विचारलं, "हें कोणाचें घर?"

आर्ट डिरेक्टर कौतुकाने पुढे झाला. "आपका ही है, दादीजी। बस थोड़ा मुस्लिम टच दिया है।"

आपांनी जरा विचार केला. मग हनीफभाईंकडे वळून म्हणाल्या, "आनी आदीं आमी कोण आसलीं रे?"

फराज मागेच उभा होता. त्याने त्याच दिवशी सगळं उतरवायला लावलं. भिंती पुन्हा पूर्वीच्या पिवळट रंगात रंगवल्या. हुक्का कुठून आणला होता ते कुणालाच आठवेना, म्हणून तो बरेच दिवस मागच्या पडवीत कोंबड्यांच्या पाण्याशेजारी उभा होता. कॅलेंडर आपांनी स्वतः जागेवर लावून घेतलं, कारण गॅसचा सिलिंडर कधी लावला ते त्यावर लिहिलेलं होतं. सिनेमात ते कॅलेंडर दिसतं. परवा कुणीतरी त्यावर मोठा लेख लिहिला की दिग्दर्शकाने गोव्याची मिश्र संस्कृती एका कॅलेंडरातून दाखवली आहे. मी तो आपांना वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, गॅसचं त्यात काही लिहिलंय का?

*

आता माझाच एक सांगते. फराजने मला कंटिन्युइटीला बसवलं होतं. म्हणजे मागच्या शॉटमध्ये कप डाव्या हातात होता की उजव्या, ते लक्षात ठेवायचं. वर्गातल्या पोरांची लक्षणं ओळखण्याची सवय असल्यामुळे मला ते सोपं गेलं.

सकाळच्या चहाचा सीन होता. पोदेर पाव टाकून गेलाय, टेबलावर चहा आहे, आणि मुलगी समीना अब्बांना नोकरीचं सांगते आहे. समीनाचं काम मुंबईची एक मुलगी करत होती. आम्ही तिला सेटवरही समीनाच म्हणायचो. तिचं बोलणं झाल्यावर अब्बांनी पावाचा तुकडा मोडायचा, थांबायचं, आणि मग म्हणायचं, "अम्मी से पूछ लो।" ते थांबणं फराजने सदूभाऊंकडून फार मेहनतीने घोटून घेतलं होतं.

शॉट सुरू झाला. समीना बोलली. सदूभाऊंनी पाव मोडला. थांबले. इतके छान थांबले की मला कळेचना. नट थांबला म्हणजे वाक्य विसरला, एवढंच माझ्या रक्तात भिनलंय. कपाटामागून मी खणखणीत कुजबुजले, "अम्मी से पूछ लो."

"कट."

दुसऱ्या वेळी मी ओठ आवळून धरले. सदूभाऊ थांबले आणि थांबूनच राहिले. ते आता माझी वाट बघत होते. तिसऱ्या वेळी फराजने मला अंगणात पाठवलं, तर मी दिसत नाही म्हणून सदूभाऊंना घाम फुटला. वाक्य येत होतं, पण मी जागेवर नसताना बोलायचं कसं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी हनीफभाईंनी तोडगा काढला. मला पुन्हा कपाटामागे उभं केलं आणि तोंडात पाण्याचा घोट धरायला लावला.

तो शॉट ओके झाला. माझ्या आयुष्यातला तो एकमेव प्रवेश आहे, ज्यात मी सबंध वेळ गप्प होते. मुख्य म्हणजे सदूभाऊंचा आवाजही किंचित खाली आला होता. फराजने अंगठा वर केला. मला आनंद झाला पण बोलता येईना, कारण पाणी गिळायचं मी विसरले होते.

*

युनिटबरोबर लखनौहून एक मास्तर आले होते, आमच्या नटांची जबान साफ करायला. फार सज्जन माणूस. आम्ही सगळे पोरांसारखे रांगेत बसायचो आणि ते प्रत्येकाच्या घशातून नेमका आवाज काढायचा प्रयत्न करायचे. हनीफभाई दारात उभे राहून कौतुकाने ऐकायचे. ते घरात कोकणीच बोलतात. एकदा त्यांनीही रांगेत बसायची परवानगी मागितली.

एक दिवस फराज कागद घेऊन आला. मुलगी घर सोडून जाणार, त्या आधीच्या संध्याकाळी अब्बा तिच्याशी बोलतात तो सीन. अब्बांना चांगलं पानभर भाषण होतं. त्यात चिमणी होती, अंगण होतं, सुनं घर होतं. मास्तरांनी ते वाचून दाखवलं तेव्हा मेकअपवाल्याने डोळे पुसले.

फराजला मात्र खात्री वाटत नव्हती. हनीफभाईंची रुखसार नर्सिंगला पुण्याला गेलेली, हे त्याला ठाऊक होतं. त्याने विचारलं, "हनीफभाई, रुखसार जा रही थी, तब आपने क्या कहा था?"

हनीफभाईंनी डोकं खाजवलं. खूप आठवून म्हणाले, "हांवें म्हणलें, चार्जर घेतलो मगो?"

 फराज कागदाकडे बघत राहिला. मग स्वतःशीच हसला आणि म्हणाला की तो मुंबईला निघाला तेव्हा त्याच्या अब्बांनी पंखा बंद केलास का, एवढंच विचारलं होतं. मास्तरांनी चष्मा काढला. त्यांच्या वडिलांनी त्यांना लखनौच्या स्टेशनवर विचारलं होतं, चप्पल नवी घेतलीस ती चावते का?

भाषण गेलं. चिमणीसकट गेलं. सगळ्यांत जास्त दुःख सदूभाऊंना झालं, कारण पाठ करून झालं होतं.

*

ईदचा सीन नेमका श्रावणात आला. आमचे सगळे नट श्रावण पाळणारे. सिनेमातलं घर बिर्याणी खाणार आणि ती खाणाऱ्यांत खरा मुसलमान एकही नाही, अशी परिस्थिती. हनीफभाईंचं घर मात्र कॅमेऱ्यामागे उभं राहून आम्ही नीट खातोय का ते बघणार.

आपांनी मार्ग काढला. त्यांनी दोन टोप चढवले. युनिटसाठी मटणाची बिर्याणी आणि आमच्यासाठी अळम्यांची, म्हणजे अळंब्यांची. रानातली अळमी श्रावणात आमच्याकडे मटणाच्या मानाने खातात, त्यामुळे कुणाची कुरकुर नव्हती. डावसुद्धा वेगळे ठेवले.

सकाळी निम्मा सीन झाला. दुपारच्या जेवणानंतर उरलेला निम्मा. तर दुपारी कळलं की मुंबईच्या पोरांनी आमचा टोप चाटूनपुसून साफ केला आहे, कारण तशी अळमी त्यांनी जन्मात खाल्ली नव्हती. मटणाचा टोप तसाच पडून होता.

आता माझी कंटिन्युइटी अडली. ताटात काहीतरी तपकिरी दिसायलाच हवं. सदूभाऊ माझ्याजवळ आले आणि चेहरा शक्य तितका दुःखी करून म्हणाले, "टीचर, सिनेमासाठी माका मटण खावचा पडात, असा दिसता."

आपा चुलीपाशी होत्या. तिथूनच म्हणाल्या, "खावंक जाय जाल्यार सरळ सांग मरे सदू. सिनेमाचें नांव कित्याक काडटा?"

मग त्यांनीच बटाटे उकडून, तिखट-मसाला लावून तेलात लाल परतले आणि ते भातात लपवून दिले. तुम्ही तो सिनेमा पाहाल तेव्हा नीट बघा. अब्बा ईदच्या दिवशी अगदी तल्लीन होऊन बटाटा खातात.

आणि गंमत अशी की तोंडात बटाटा होता म्हणून सदूभाऊंचा आवाज घरातल्या माणसासारखा निघाला. फराज खुर्चीतून उठून आला आणि म्हणाला, "यही! सर, यही चाहिए।" झालं. त्या दिवसापासून सदूभाऊ प्रत्येक सीनला खिशात बटाटा घेऊन यायला लागले. फराजने हात जोडून ते बंद करवलं, कारण सीन मुलीशी भांडणाचा असो की आजारी अम्मीच्या उशाशी बसण्याचा, अब्बा आपले चघळतायत.

*

शूटिंग संपलं. युनिट गेलं. जायच्या दिवशी सदूभाऊंनी फराजला विचारलं, "आवाज?"

फराज म्हणाला, "देखते हैं, सर।"

हिंदीत "देखते हैं" याचा अर्थ काय होतो, हे सदूभाऊ मला त्यानंतर दर आठवड्याला फोन करून विचारायचे. मी म्हणायची, होईल चांगलं. जत्रांचा मोसम आला, सदूभाऊंनी राजे केले. पण रंगपटात भेटले की पहिला प्रश्न तोच. जत्रेतल्या लोकांना त्यांनी सांगून टाकलं होतं की सिनेमात बघा आणि कान उघडे ठेवून बघा. सुलभावहिनी मला एकदा म्हणाल्या की हे झोपेत हिंदी बोलतात आणि तेही हळू आवाजात, ते ऐकून मला भीती वाटते. मला हसू आलं, आणि मग आलं तसं गेलं. त्या माणसाची एवढीच एक इच्छा होती आणि ती आमच्या कुणाच्याच हातात नव्हती.

*

आणि मग फराज सिनेमा घेऊन आला. कुठल्या महोत्सवाला पाठवायच्या आधी तो त्याला इथल्या लोकांना दाखवायचा होता. डिचोलीत एक हॉल घेतला, पांढरा पडदा बांधला. इब्रामपूरहून टेम्पो भरून लोक आले. पहिल्या रांगेत आपा, त्यांच्याशेजारी हनीफभाई, मग इस्त्रीच्या शर्टातले सदूभाऊ, मग वहिनी. मी मागे, सवयीने भिंतीला टेकून. फराज मधल्या रांगेत लॅपटॉप आणि आवाजाचं बटण घेऊन बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. मला तेव्हाच कळलं.

सिनेमा सुरू झाला. सकाळ, अंगण, कोंबड्या, पिवळट भिंत. सदूभाऊंचा चेहरा पडद्यावर आला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्या चेहऱ्याने तोंड उघडलं आणि आतून एक गुळगुळीत, रेडिओवरच्या बातम्यांसारखा आवाज आला.

टाळ्या थांबल्या. मागे कुणीतरी चुकचुकलं. मला सदूभाऊंची फक्त पाठ दिसत होती, आणि ती हलत नव्हती. आणखी एक वाक्य झालं, त्याच परक्या आवाजात. आपा अस्वस्थ होऊन इकडेतिकडे बघायला लागल्या. त्यांना पडदा धुरकटच दिसत होता. त्यांनी सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं, "हनीफ, सदूक कितें जालें रे? ताचो आवाज खंय गेलो?"

हनीफभाईंनी शेजारी सदूभाऊंकडे पाहिलं. 

"हंय आसंय, आपा," सदूभाऊ म्हणाले. ते उठून उभे राहिले. पडद्यावर अब्बा पुढचं वाक्य बोलायला लागले होते. सदूभाऊंनी ते वाक्य तिथे, पहिल्या रांगेत उभं राहून म्हटलं. पडद्यावरच्या ओठांशी ओठ जुळवून, छाती भरून, इब्रामपूरच्या हिंदीत. ते शेवटच्या भिंतीपर्यंत पोचलं. मला ते पाठीत जाणवलं.

मी फराजकडे बघितलं. वाटलं, आता हा सिनेमा बंद करतो. त्याने बटण खाली केलं. पडद्यावरचा परका आवाज गेला. समीनाचं वाक्य आलं की बटण वर, अब्बांचं आलं की खाली. पूर्ण सिनेमा तसा चालला. सदूभाऊ भांडले, चिडले, अम्मीच्या उशाशी बसले, ईदला जेवले, सगळं उभ्याने. पाठ तर होतंच. एका ठिकाणी लोकांनी "वन्स मोअर" दिला आणि टाळ्या थांबवेनात. फराजला वन्स मोअर म्हणजे काय ते मी जाऊन सांगितलं. त्याने सिनेमा मागे घेतला आणि तो प्रवेश पुन्हा झाला. जगात कुठल्या सिनेमाला वन्स मोअर मिळाला असेल तर मला सांगा.

शेवटचा सीन आला. समीना निघते. बॅग उचलते, पायऱ्या उतरते. अब्बा बाहेरच्या सोप्यावर बसलेले, पाठमोरे. या सीनमध्ये अब्बांना एकही वाक्य नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार. सदूभाऊंनाही ठाऊक होतं. त्यांचं काम संपलं होतं. त्यांनी रुमालाने मान पुसली आणि ते खाली बसले. वहिनींनी त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली.

फराजने बटण वर केलं. पार वरपर्यंत.

समीना फाटकाशी पोचली. कोंबडी ओरडली. आणि पाठमोऱ्या अब्बांचा आवाज आला. घोगरा, बारीक, कुणाला ऐकू जावा अशी इच्छाच नसलेला.

"जेवन जा गे, बाय."

समीना वळली. हे वाक्य कागदावर कधीच नव्हतं. हिंदी सिनेमा आणि मधेच हे. फराजने ते सदूभाऊंच्या तोंडून कधी टिपलं, दोन शॉटच्या मध्ये की जेवणाच्या सुट्टीत, मला खरंच माहीत नाही. 

सदूभाऊंनी बाटली तशीच धरली होती. ते हनीफभाईंकडे झुकले.

"हनीफ," त्यांनी विचारलं, "ह्यो कोण रे बोलता?"